दोन बाटल्या आणि एक कुंडी

सोमवार, ३

ही डायरी सिमेंट कंपनीने वाटली. इंजिनिअरसाहेबांना सोनेरी कडांची, मुकादमाला खिशात मावणारी, आणि क्रेनवालीला ही, जिच्यावर पोत्याचं चित्र आहे. किराणा लिहीन म्हणून घरी आणली. पण किराणा मला तोंडपाठ असतो. डोक्यात दुसरंच काहीबाही साचतं आणि ते सांगायला माणूस मिळत नाही. वर केबिनमध्ये मी एकटी, आणि घरी सासूबाई दुसऱ्याला बोलू देत नाहीत. म्हणून इथे खरडते.

तर मी दमते. काम केल्यावर माणूस दमतो हे मलाही कळतं, पण मी हल्ली काम करायच्या आधीच दमलेली असते. दुपारी जेवणाची वेळ टळली की मान जड होते, डोकं ठणकायला लागतं, आकड्याला काय लटकलंय ते दोनदा बघावं लागतं. घरी आले की चपला काढायचासुद्धा कंटाळा. चव्वेचाळीस म्हणजे काय म्हातारपण आहे का? आमच्या सासूबाई सत्तरी ओलांडून बसल्यात आणि घरभर भिंगरीसारख्या फिरतात.

बघू. उद्यापासून लवकर झोपायचं.

मंगळवार, ४

लवकर झोपले. काडीचा फरक नाही.

गुरुवार, ६

आज मुकादम नव्या पोरांना साइट दाखवत होता. वॉकी-टॉकी चालूच राहिला होता त्याचा, त्यामुळे मला वरती सगळं ऐकू आलं. "ती वर बसलेली बाई बघितली का? सकाळी सातला चढते ती चारलाच उतरते. मध्ये एकदाही नाही. आम्ही टाकी म्हणतो तिला." पोरं हसली. मुकादमाच्या तोंडून चांगला शब्द म्हणजे दगडाला पाझर, म्हणून लिहून ठेवते.

पण टाकी काही आयती झाले नाही. पहिल्या वर्षी मी बापडी गरज लागली की उतरायचे. शिडी उतरायची, पार मागच्या फाटकापाशी संडास आहे तिथवर जायचं, परत यायचं, परत चढायचं. तोवर सगळं काम ठप्प, आणि खाली उभा राहून मुकादम घड्याळ बघणार. एके दिवशी मी अर्ध्या शिडीवर असताना कुणीतरी वॉकी-टॉकीवर तोंडाने नळाचा आवाज काढला. सगळी साइट हसली. मला शिडीवरून उडी मारावीशी वाटली. त्या दिवसापासून शिफ्टमध्ये उतरले नाही. पुरुष ऑपरेटर वर बाटली घेऊन जातात आणि ती प्यायची नसते, एवढं लिहिलं तरी पुरे. माझ्यापाशी ती सोय नाही. मग मी सरळ उपाय केला. सकाळी अर्धा कप चहा, बस्स. पाणी नाही, नाश्ता नाही. आत काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार? तोंड सुकलं तर लिमलेटची गोळी. डबा उतरल्यावर.

सासूबाई मात्र रोज सकाळी दोन बाटल्या भरून दारात ठेवतात. निळी माझी, हिरवी बारकीची, म्हणजे माझ्या लेकीची. संध्याकाळी दोन्ही जशाच्या तशा परत येतात आणि मी त्या खिडकीतल्या मनीप्लांटच्या कुंडीत ओतते. झाड नुसतं माजलंय. शेजारीण विचारत होती, खत कुठलं घालता म्हणून.

शुक्रवार, ७

अक्षर वाकडं येतंय. तरी लिहिते.

दुपारी सळ्यांचा भारा वर घेत होते. स्लॅबच्या कडेला पोपट उभा होता. पोपट म्हणजे मला खालून इशारे देणारा माणूस. तोंडाला विश्रांती नाही म्हणून पोपट, बाकी मिशा वगैरे असलेला बाप्या आहे. मला वरून पलीकडचं दिसत नाही, तेव्हा तो म्हणेल तिकडे क्रेनचा हात फिरवायचा आणि तो म्हणेल तिथे थांबायचं. आमचं हे असं गेली पाच-सहा वर्षं चाललंय, एकमेकांच्या डोळ्यांनी बघायचं.

तो "थांब" म्हणाला. मी थांबवलं. पण म्हणाला तेव्हा नाही थांबवलं. भारा झोका घेऊन कठड्यावर आपटला, आणि पोपट उभा होता तिथे पोपट नव्हता. फक्त त्याचं हेल्मेट घरंगळत गेलेलं दिसलं. मग वॉकी-टॉकीवर त्याचा आवाज आला, "आहे, ताई, आहे. आडवा पडलोय. पाठीवरून गेला." आवाज अगदी चिरकलेला. त्याचा आवाज दुपारनंतर नेहमीच बसतो, पण आजचा वेगळा होता.

मी झोपले नव्हते. पण टक्क जागी होते असंही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मुकादम म्हणाला, "बाई, खाली या."

शनिवार, ८

इंजिनिअरसाहेबांनी निर्णय दिला. पुढचा आठवडा मी जमिनीवर, स्टोअरमध्ये. त्यानंतर परीक्षा. खडूने गोल काढणार, त्यात भरलेली बादली टेकवायची, काँक्रीट सांडता कामा नये. जमलं तर खुर्ची माझी. नाही जमलं तर मुकादमाचा भाचा आहेच, त्याच्याकडे परवाना आहे आणि त्याच्याकडे मामा आहे. मधला आठवडाही तोच चालवणार.

पोपटाला भेटले. म्हणाला, "ताई, माझाच इशारा उशिरा गेला असेल. माझंही लक्ष जरा..." आणि गप्प झाला. पोपट गप्प झाला हे पहिल्यांदा बघितलं. मला बरं वाटावं म्हणून बोलला असणार. भला माणूस.

घरी सांगितलं. नवरा डेपोत बसगाड्या दुरुस्त करतो, त्याला सगळं इंजिनाच्या भाषेत कळतं. म्हणाला, "अगं, गाडी गरम होऊन बंद पडते तेव्हा आपण ड्रायव्हरला शिव्या घालत नाही." मी म्हटलं, मग कोणाला घालता? म्हणाला, "आधी बॉनेट उघडतो." आणि पेपर वाचायला गेला. या माणसाशी भांडायलासुद्धा मजा येत नाही.

सासूबाईंना भांड्याचा आवाज ऐकू येत नाही, पण नोकरी जाणार हा शब्द भिंतीपलीकडून ऐकू येतो. म्हणाल्या, "सोड ती नोकरी. बाईमाणसाने आभाळात कशाला बसायचं?" आणि तांब्याभर पाणी गटागट पिऊन न्हाणीकडे गेल्या. दर तासाला यांची फेरी. पी आणि जा, जा आणि पी. मी बारकीला डोळा मारला, ती हसली नाही. तिचं डोकं दुखत होतं.

मंगळवार, ११

स्टोअर म्हणजे मागच्या फाटकापाशी पत्र्याची खोली. हेल्मेट द्यायची, हातमोजे द्यायचे, संध्याकाळी परत घेऊन मोजायचे. स्टोअरची बाई माझ्याच वयाची. तिच्याकडे पाण्याचा मोठा जार आणि चहाची किटली, आणि ती समोरच्याला "नको" म्हणूच देत नाही. "घ्या हो, आपल्या बापाचं काय जातं?" न्हाणीघर भिंतीला लागूनच आहे. दुपारी बाराला सगळ्या बायका डबे उघडतात. मीही उघडते, नाहीतर शिष्ट म्हणतील. आज तिने अर्धं केळं माझ्या हातात कोंबलं.

आज आठवडाभरात पहिल्यांदा संध्याकाळी डोकं दुखलं नाही.

गुरुवार, १३

काय सांगू. काल घरी आल्यावर ओटा घासला, माळा झाडला, नवऱ्याशी उगाच भांडण उकरून काढलं आणि जिंकले. आज सकाळी गजराच्या आधी जाग आली.

आणि ह्याचीच मला भीती वाटायला लागलीय.

कारण वर बसत नाही तेव्हा मी धडधाकट. म्हणजे उंचीच मला बाधते. दुसरं काय कारण असणार? माणूस तोच, घर तेच, झोप तेवढीच. बदलली ती फक्त उंची. इतकी वर्षं बाधली नाही आणि आता बाधते, म्हणजे वय. दुपारी स्टोअरच्या दारातून वर बघत होते. भाचा हात फिरवतोय, धसमुसळा, झटके देत. माझी खुर्ची ती. तिच्या उजव्या हाताखालची गादी फाटली होती ती मी स्वतः शिवलीय. सकाळी ऊन यायच्या आधी तिथून सगळं गाव झोपेतून उठताना दिसतं. ते जाणार म्हटल्यावर मला रडू आलं. स्टोअरच्या बाईला सांगितलं, सिमेंट गेलं डोळ्यात.

शनिवार, १५

परीक्षा झाली. सकाळी सकाळीच घेतली. सगळे येऊन उभे, तमाशाला यावं तसे. पोपट खाली, मी वर. "डावीकडे, ताई, अजून, अजून, हळू, बस." बादली गोलाच्या मधोमध टेकली. इंजिनिअरसाहेबांनी वाकून बघितलं. थेंब सांडला नव्हता. मुकादमाने हात झटकले आणि भाच्याला म्हणाला, "बघत काय बसलास, सळ्या मोज."

सोमवारपासून वर. घरी येताना अंडी नेली, नवऱ्याने केली. बारकीने दोन घास खाऊन ताट सरकवलं. आठवीतली पोर, जिवात जीव नाही. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि आडवी होते. मी विचारते, काय खणलं का दिवसभर? बसायला बाक आहे, डोक्यावर पंखा आहे, दमायला झालंय काय? आळस आहे नुसता.

बुधवार, १९

सोमवार बरा गेला. मंगळवारी मान जड. आज दुपारी परत तेच. झापड. पोपट काहीतरी म्हणाला आणि मला त्याला "परत सांग" म्हणावं लागलं. त्याने सांगितलं. त्याच्याही आवाजाला घरघर.

म्हणजे झालं. उंचीच.

येताना ते डब्यातलं ताकद देणारं पेय घेतलं, जाहिरातीत बैल असतो तसलं. प्यायले. तासभर छाती धडधडली, मग आधीपेक्षा जास्त गळून गेले. बैल बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या घरी गेला. बाटल्या कुंडीत ओतल्या. एक नवीन फांदी आलीय, खिडकीच्या गजाला गुंडाळून बाहेर निघालीय.

शुक्रवार, २१

ठरवलं. महिनाअखेर मुकादमाला सांगायचं की मला खाली काम द्या. कुणाचा जीव जाण्यापेक्षा माझी खुर्ची गेलेली बरी. पोपटाला लहान लेकरं आहेत. हे लिहिताना वाटलं होतं मन हलकं होईल. झालं नाही. जड झालं.

नवऱ्याला सांगितलं. त्याने पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाला, "तू वर असतेस ना, तर मी डेपोतून येताना पुलावर थांबून बघतो. दिसत नाहीस, पण क्रेनचा हात हलतो." हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मेला, आज सांगायचं होतं?

सोमवार, २४

शाळेतून फोन आला तेव्हा मी नुकती उतरले होते. बारकी मैदानावर कवायतीत उभी असताना कोसळली. कशी पोचले आठवत नाही. शाळेजवळच्या दवाखान्यात तिला आडवी ठेवली होती, ओठ पांढरेफटक. डॉक्टरीणबाई तरुण, पण आवाजात जरब. साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजत होत्या आणि एकेक विचारत होत्या.

"सकाळी काय खाल्लंस?"

"चहा."

"पाणी?"

बारकीने मान खाली घातली.

"लघवीला कधी गेली होतीस?"

"घरून निघताना."

"घरून निघताना म्हणजे सकाळी? आता चार वाजून गेले. रोज असंच?"

"शाळेतल्या संडासाला कडी नाही," बारकी म्हणाली. "मुलं बाहेरून दार ढकलतात. मग मी पाणीच पीत नाही. काही होत नाही त्याने. माझी आई पण दिवसभर पीत नाही. तिला सगळे टाकी म्हणतात."

काय अभिमानाने बोलली पोर! त्या नावाचं मी घरी केलेलं कौतुक सगळं तिने ऐकलं होतं आणि गाठीला बांधून ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय करता?"

"क्रेन चालवते."

"क्रेनने काय उचलता?"

"सळ्या. काँक्रीट."

"खाली माणसं असतात?"

"असतात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता झाडणार. त्या एवढंच म्हणाल्या, "दुपारी डोकं दुखतं? डोळ्यांवर झापड येते? ऐकलेलं पटकन कळत नाही?" मी मान हलवली. म्हणाल्या, "उपाशी, तहानलेलं डोकं असंच वागतं. दुसरंही काही असू शकतं, म्हणून तुमचंही रक्त तपासू. पण आधी ही बाटली रिकामी करा. माझ्यासमोर."

निळी बाटली. पिशवीतच होती, भरलेली. सगळ्यांसमोर प्यायले. माझ्यानंतर बारकीने हिरवी तोंडाला लावली.

मंगळवार, २५

आज रजा टाकली. बारकी घरी आहे. सासूबाई तिच्या उशाशी तांब्या घेऊन पहारेकऱ्यासारख्या बसल्यात. आम्ही दोघींनी मिळून त्यांना काल संध्याकाळी काय झालं ते सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "मग मी काय एवढी वर्षं गंमत म्हणून बाटल्या भरत होते?" झाड दाखवणार होते, पण जीभ चावली.

पडल्या पडल्या हिशेब लागला. स्टोअरच्या आठवड्यात उंची नव्हती हे खरं, पण तेवढंच बदललं होतं असं नाही. जार होता. केळं होतं. भिंतीला लागून न्हाणीघर होतं. मी आभाळाला दोष देत बसले आणि नाकाखालची गोष्ट दिसली नाही. स्वतःचीच इतकी चीड आली की उठून भांडी घासली.

आणि पोरीला मी आळशी म्हणत होते. तिला जवळ घेऊन तसं म्हटलं. ती म्हणाली, "जाऊ दे गं आई, तूही आळशीच दिसायचीस." शाब्बास.

बुधवार, २६

अर्धा दिवस शाळेत. मुख्याध्यापिकाबाईंना भेटले. बाई वाईट नाहीत, पण कागदाशिवाय हलत नाहीत. म्हणाल्या, "कडीसाठी वरती अर्ज गेलाय. मंजुरी आली की लावू." कधी गेलाय विचारलं तर शिपायाकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही अर्जाची वाट बघा. तोवर मी कडी लावते."

नवऱ्याने सकाळीच डेपोतून ड्रिल आणि चार मजबूत कड्या आणल्या होत्या. मुलींच्या चारही दारांना लावल्या. माझ्या बाजूला मुलींची रांग लागली, मधली सुटी संपली तरी हलेनात. एका चिमुरडीने पहिली कडी आतून लावली, काढली, परत लावली. बाहेर येऊन म्हणाली, "लागते!" मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी खोकल्यासारखं केलं आणि शिपायाला झाडू आणायला पाठवलं.

घरी येताना बारकी म्हणाली, "आता मी पिणार पाणी. आणि तू?"

"मी काय? माझ्याकडे दार कुठे आहे कडी लावायला? माझ्याकडे शिडी आहे."

"मग मीही नाही पिणार."

आईवर गेलीय कार्टी, अगदी माझ्याच वळणावर.

गुरुवार, २७

मुकादमाला रीतसर सांगितलं. शिफ्टमध्ये दोनदा उतरणार, एकदा मधल्या वेळी आणि एकदा जेवायला. तो म्हणाला, "बाई, काँक्रीट कुणासाठी थांबत नाही. इतकी वर्षं जमलं की तुम्हाला! आता काय झालं? तुमचं नाव आहे साइटवर." मी म्हटलं, ते नाव परत घ्या. तो म्हणाला, "भाचा उतरत नाही." मी म्हटलं, भाच्याची बाटली कधी हुंगून बघा.

पण हे मी मनात म्हटलं. तोंडाने "बघा तुम्ही काय ते" एवढंच म्हणून वर चढले. दिवसभर घोटभरही प्यायले नाही. संध्याकाळी निळी बाटली बारकीच्या नजरेला पडू नये म्हणून बाहेरच्या मोरीत ओतून मग घरात शिरले. या वयात पोरीपासून पाणी लपवते! स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

तिची हिरवी अर्धी रिकामी होती. माझी रिकामी बघून तिने टाळी दिली.

शुक्रवार, २८

ती टाळी रात्रभर हाताला चावत होती. सकाळी उठले, पोटभर खाल्लं. भात होता, अंडं होतं, वर केळं. दोन पेले पाणी. बाटली घेऊन वर गेले आणि तीही पीत राहिले. जे होईल ते होईल.

दहाच्या सुमाराला जे व्हायचं ते झालं. खाली स्लॅब भरायची तयारी, माणसांची लगबग, आकड्याला रिकामी बादली. मी बादली जमिनीला टेकवली, सगळं जागच्या जागी बंद केलं. वॉकी-टॉकी हातात घेतला. हात असा घामाने ओला की बटण निसटलं.

"पोपट, मी खाली येतेय."

"काय झालं, ताई? बिघाड?"

सगळी साइट ऐकते. मुकादम ऐकतो, भाचा ऐकतो, गाडीवाले ऐकतात. मला पहिल्या वर्षीचा तो नळाचा आवाज आठवला. म्हटलं, होऊन जाऊ दे.

"बिघाड नाही. लघवीला जायचंय. मग पाणी पिणार, मग वर येणार. आजपासून रोज."

मी शिडीवर पाय ठेवला. आता हसतील, आता हसतील करत उतरत होते. मुकादमाचा आवाज आला, "बाई, गाडी दारात उभी आहे! काम कसं थांब..."

मध्येच पोपट बोलला. आवाज तोच, घरघरलेला, पण मोठा. "बादली खाली आहे. क्रेन बंद आहे. बाई उतरतायत. वरती माणूस नाही तोवर खाली कुणी दोराला हात लावायचा नाही." आणि जरा थांबून, "मुकादम, मीही जाऊन येतो. क्रेन चालू असेपर्यंत मला जागा सोडता येत नाही. सकाळपासून धरलीय, पाण्याचा थेंब घेतलेला नाही. किती वर्षं धरलीय ते विचारू नका."

मी शिडीच्या मध्यावर होते. तिथेच थांबले. त्या शनिवारी "माझंही लक्ष जरा" म्हणाला होता ते मला बरं वाटावं म्हणून नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांच्या डोळ्यांनी बघत होतो आणि दोघांच्याही डोळ्यांवर झापड होती. खाली वीस माणसं. दांडी घट्ट धरून उभी राहिले.

हसलं कोणीच नाही. एक जण म्हणाला, चला, मग आपणही पाणी पिऊन घेऊ. फावडी खाली ठेवल्याचे आवाज आले. मी मागच्या फाटकाशी जाऊन आले तोवर स्टोअरच्या जारापाशी ही गर्दी, आणि स्टोअरची बाई ओरडतेय, "अरे, पेले धुवून ठेवा, तुमच्या आया नाहीत इथे!" इंजिनिअरसाहेब लांबून बघत होते. हातात पेला होता त्यांच्याही.

मुकादम घड्याळ बघत होता. मी त्याच्यासमोर उभी राहून राहिलेलं पाणी प्यायले आणि मगच चढले.

दुपारी मान जड झाली नाही असं म्हणत नाही. झाली, पण डोकं दुखलं नाही. पोपट एकदा "थांब" म्हणाला आणि मी थांबले, तो म्हणाला तेव्हाच.

सोमवार, ३१

रक्ताचा निकाल आला. लोह कमी निघालं, माझंही आणि बारकीचंही. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. म्हणाल्या, धीर धरा, वीज संचारणार नाही एका दिवसात. मी म्हटलं, वीज नकोच, मला नुसतं चारपर्यंत जागं राहायचंय.

इंजिनिअरसाहेबांनी क्रेनच्या पायथ्याशी पत्र्याचं न्हाणीघर उभं करायला सांगितलंय. मुकादम सगळ्यांना सांगत सुटलाय की कल्पना त्याची होती. असू दे. कडी मात्र मी स्वतः लावणार आहे.

महिनाअखेर आहे. मुकादमाला काही सांगायचं ठरवलं होतं ते सांगितलं नाही.

रविवार, ६

आठवडाभर डायरी उघडली नाही, लिहिण्यासारखं काही झालं नाही. काम केलं, घरी आले, बारकीशी पत्ते खेळले. ती जिंकते आणि ओरडते. सासूबाईंच्या दर तासाच्या फेरीत आता आम्ही दोघी रांग लावतो, आणि नवरा बाहेरून दार वाजवत म्हणतो, "या घरात माणसाला दाढी करायची सोय नाही."

आज दुपारी शेजारीण आली. खिडकीशी उभी राहून म्हणाली, "अगं बाई, झाडाला काय झालं?"

जाऊन बघितलं. गजावरून बाहेर गेलेली ती फांदी सुकली होती. पानांनी माना टाकलेल्या, माती भेगाळलेली. सासूबाईंना वाटलं बारकी घालते, बारकीला वाटलं मी घालते. कोणीच पाणी घातलं नव्हतं. दोन्ही बाटल्या रोज रिकाम्याच घरी येत होत्या.

बारकी नळाखाली तांब्या धरून धावत आली. म्हणाली, "आई, बिचारं किती दिवस तहानलेलं असेल गं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. तिच्या हातातून तांब्या घेतला आणि कुंडीत हळूहळू ओतला.